थकलेले हृदय, उतारवय आणि चालण्याचे बळ

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पन्नास वर्षे एखादी संस्था अखंड कार्यरत राहते, याचा अर्थ तिचे हृदय आणि तिचे पाय दोन्ही मजबूत आहेत. निष्ठा हे तिचे हृदय आणि कार्यकर्ते हे तिचे पाय. आज मला बोलायचे आहे ते मात्र खऱ्याखुऱ्या हृदयाविषयी आणि खऱ्याखुऱ्या पायांविषयी. या सभागृहात बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मंडळी साठी ओलांडलेली दिसतात. त्यातले काहीजण आज व्यासपीठाजवळ न बसता दाराजवळच्या खुर्चीत बसले आहेत. कारण तेवढे अंतर चालून आले की दम लागतो. त्यांच्यासाठी आणि त्यांना प्रेमाने ‘तुम्ही उठू नका, बसून राहा’ असे सांगणाऱ्या त्यांच्या मुला-सुनांसाठी हे भाषण आहे.

एक कबुली

विषयाला हात घालण्यापूर्वी एक कबुली देणे मला आवश्यक वाटते. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी मी नुकताच वैद्यकीय व्यवसायात पडलो होतो. माझ्या थोरल्या काकांचे हृदय अशक्त झाल्याचे निदान झाले. पाय सुजत, रात्री दोन-तीन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नसे. औषधांनी सूज उतरली. त्यानंतर मी त्यांना सांगितले, “काका, आता पूर्ण विश्रांती. मंदिराच्या पायऱ्या नकोत, बाजार नको, जिना नको.” त्या काळी पुस्तकांतही तेच लिहिलेले होते. काकांनी पुतण्याचा शब्द आज्ञेसारखा मानला. सहा महिन्यांत त्यांना खुर्चीतून उठायला दुसऱ्याचा हात लागू लागला. ‘वय झाले’ असे आम्ही सारे म्हणालो. पुढे पाच-सहा वर्षांनी, १९९० साली, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदय अशक्त असलेल्या ११ रुग्णांना आठ आठवडे घरीच स्थिर सायकल चालवायला लावली, तेव्हा त्यांची श्रमक्षमता घटण्याऐवजी वाढली होती. तो लेख वाचताना माझ्या डोळ्यांसमोर काकांची खुर्ची होती. त्यांना दुबळे करण्यात वयाचा वाटा होता, रोगाचा होता आणि माझ्या सल्ल्याचाही होता. हे तीन वाटे वेगळे करून पाहणे, हाच आजचा विषय आहे.

हार्ट फेल्युअर म्हणजे काय?

‘हार्ट फेल्युअर’ हा शब्द ऐकताच ऐकणाऱ्याच्या छातीत धडकी भरते. ‘हृदय बंद पडले’ असा त्याचा अर्थ लावला जातो. तो चुकीचा आहे. हृदय चालूच असते. परंतु शरीराला हवे तेवढे रक्त पुढे ढकलण्याचे काम त्याला नीट जमत नाही, किंवा ते जमवण्यासाठी हृदयातील दाब वाजवीपेक्षा जास्त वाढवावा लागतो. तो दाब फुप्फुसात मागे साचला की धाप लागते, आणि शरीरात पाणी साचले की पाय सुजतात. हृदयविकाराचा झटका ही वेगळी गोष्ट आहे. झटका हा क्षणाचा अपघात, तर हार्ट फेल्युअर ही अनेकदा अशा अपघातानंतर किंवा वर्षानुवर्षांच्या रक्तदाब-मधुमेहानंतर उरणारी दीर्घकालीन अवस्था.

तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात हृदयाचा स्नायू आकुंचन पावण्यात कमी पडतो. इकोच्या अहवालात ‘इजेक्शन फ्रॅक्शन’ ४० टक्के किंवा त्याहून कमी दिसते. दुसऱ्या प्रकारात आकुंचन व्यवस्थित असते, इजेक्शन फ्रॅक्शन ५० टक्के किंवा त्याहून अधिक असते, पण हृदय ताठर झाल्यामुळे ते नीट सैलावत नाही आणि पुरेसे भरत नाही. हा दुसरा प्रकार उतारवयात आणि विशेषतः स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. ‘इको नॉर्मल आहे, मग आईला दम का लागतो?’ असा प्रश्न घेऊन अनेक मुले माझ्याकडे येतात. त्यातल्या काही मातांच्या प्रश्नाचे उत्तर येथे असते. या दोन्हींच्या मधला एक पट्टाही आहे, पण आज त्याच्या तपशिलात जात नाही.

आपल्या देशात हा आजार पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत सुमारे दहा वर्षे लवकर गाठतो. केरळमधील तिरुवनंतपुरम येथे २०१३ साली रुग्णालयांत दाखल झालेल्या १,२०५ रुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवण्यात आली. त्यांचे सरासरी वय ६१ होते. म्हणजे हा केवळ अतिवृद्धांचा प्रश्न नाही. आज नातवंडांना शाळेत पोहोचवणाऱ्या आजोबांचाही तो आहे.

पंप, पाट आणि वाफा

माणूस किती श्रम करू शकेल, हे कशावर ठरते? जर्मन शास्त्रज्ञ अडॉल्फ फिक यांनी १८७० साली मांडलेले एक साधे तत्त्व येथे उपयोगी पडते. शरीर किती प्राणवायू वापरते, हे दोन गोष्टींच्या गुणाकारावर अवलंबून असते. हृदय दर मिनिटाला किती रक्त पुढे पाठवते ही पहिली, आणि त्या रक्तातून स्नायू किती प्राणवायू काढून घेतात ही दुसरी.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी शेती आहे, म्हणून शेतातलाच दाखला देतो. विहिरीवर पंप असतो, पाणी पाटातून वाहते आणि शेवटी वाफ्यात मुरते. पीक नीट आले नाही तर दोष केवळ पंपाचाच असतो असे नाही. पाट फुटलेला असेल किंवा वाफ्यातली जमीन घट्ट झाली असेल, तर पंप बदलूनही पीक येत नाही. हृदय हा पंप, रक्तवाहिन्या हे पाट आणि पायांचे स्नायू हे वाफे. वय या तिन्हींवर परिणाम करते. हार्ट फेल्युअरही या तिन्हींवर परिणाम करते. वयस्क रुग्णाची दमछाक तरुण रुग्णापेक्षा वेगळी आणि अधिक का असते, याचे उत्तर या दुहेरी माऱ्यात आहे.

आधी पंप पाहू. वयोमानाने विश्रांतीच्या वेळचे हृदयाचे आकुंचन फारसे बिघडत नाही. परंतु श्रमाच्या वेळी हृदयाची गती जेवढी वाढायला हवी तेवढी वाढत नाही. ढोबळ हिशेब असा की कमाल गती म्हणजे २२० वजा वय. विशीत ती २०० च्या घरात जाते, तर पंचाहत्तरीत १४५ च्या आसपास थांबते. अॅड्रेनॅलिनच्या हाकेला हृदय पूर्वीसारखी ओ देत नाही. शिवाय आकुंचनानंतर सैल होण्याची क्रिया मंदावते, त्यामुळे हृदय भरण्यास वेळ लागतो. आता याच हृदयाला आजार जडला, तर आधीच कमी झालेली राखीव शक्ती आणखी आक्रसते.

मग पाट. मोठ्या धमन्या वयानुसार ताठर होतात. त्यामुळे हृदयाला प्रत्येक ठोक्याला अधिक विरोधाविरुद्ध रक्त ढकलावे लागते. श्रमाच्या वेळी लहान रक्तवाहिन्या पुरेशा उमलत नाहीत आणि पायांकडे जाणारा प्रवाह अपुरा पडतो.

शेवटी वाफा, आणि दुर्लक्ष होते ते नेमके येथेच. तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे वस्तुमान काही टक्क्यांनी घटत जाते आणि साठीनंतर ही घट वेग घेते. झटपट आणि जोराच्या हालचाली करणारे तंतू आधी जातात. म्हणून खुर्चीतून उठणे, जिना चढणे, तोल जाताच पाऊल सावरणे या गोष्टी प्रथम अवघड होतात. हार्ट फेल्युअरमध्येही स्नायू झिजतात. त्यांच्यातील ऊर्जा निर्माण करणारी केंद्रे कमी होतात आणि आलेला प्राणवायूही ते पुरता वापरू शकत नाहीत. ताठर हृदयाच्या वयस्क रुग्णांच्या अभ्यासांत असे आढळले आहे की त्यांच्या श्रमक्षमतेतील घटीचा मोठा वाटा हृदयाबाहेरचा, म्हणजे या स्नायूंचा आणि रक्तवाहिन्यांचा असतो.

यातून एक निराशेची आणि एक आशेची गोष्ट निघते. निराशेची अशी, की केवळ हृदयाचे औषध देऊन वृद्ध रुग्णाचे चालणे सुधारेलच असे नाही. आणि आशेची अशी, की हृदय जुने असले तरी स्नायूंना नवे बळ देता येते.

राखीव निधीचा हिशेब

हा विषय आपल्याला जमाखर्चाच्या भाषेत अधिक चांगला समजेल. शांत बसलेले असताना शरीर दर मिनिटाला, दर किलो वजनामागे सुमारे साडेतीन मिलिलिटर प्राणवायू वापरते. आंघोळ करणे, कपडे घालणे, घरात वावरणे यांसाठी त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतो. सपाट रस्त्यावर सावकाश चालण्यास सुमारे दहा, आणि जिना चढण्यास चौदा किंवा त्याहून अधिक. निरोगी तरुणाची कमाल क्षमता चाळीसच्या आसपास असते, म्हणजे भरपूर शिल्लक. निरोगी पंचाहत्तरीच्या माणसाची ती वीस-पंचवीसपर्यंत उतरते. तरीही संसार चालतो. परंतु हार्ट फेल्युअर असलेल्या वयस्क रुग्णाची कमाल क्षमता अनेकदा बारा ते पंधराच्या दरम्यान असते. म्हणजे आपण ज्याला सहज चालणे म्हणतो, ते त्याच्यासाठी जवळजवळ धावण्याइतके कष्टाचे असते. मंदिराच्या पायऱ्या चढताना तो मध्येच थांबतो तो आळसाने नव्हे, त्याच्या निधीत तेवढीच शिल्लक असते म्हणून.

वयामुळे होणारी ही घट एकसारख्या गतीने होत नाही. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे निरोगी व्यक्तींचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. विशी-तिशीत कमाल क्षमता दशकाला ३ ते ६ टक्क्यांनी घटते. सत्तरीनंतर हीच घट दशकाला २० टक्क्यांहून अधिक होते. म्हणून सत्तरीनंतरचे प्रत्येक वर्ष मोलाचे आहे आणि त्यातले अनावश्यक विश्रांतीत घालवलेले महिने फार महाग पडतात.

ते किती महाग पडतात, याचे उत्तर एका जुन्या प्रयोगाने दिले आहे. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहण्यास सांगण्यात आले. त्यांची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी तेच पाचजण पन्नाशीत आले असता पुन्हा तपासले गेले. तेव्हा असे दिसले की तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांच्या क्षमतेची जेवढी हानी केली, त्यापेक्षा विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने जास्त केली होती. तरुण पोरांची ही गत, तर पंचाहत्तरीच्या आजारी माणसाला महिनोन्महिने पलंगावर ठेवल्यास काय होईल, याचा विचार आपणच करावा. माझ्या काकांचे काय झाले, हे मला या प्रयोगाने सांगितले.

वृद्धांना व्यायामाचा उपयोग होतो का?

‘डॉक्टर, हे सगळे तरुणांसाठी ठीक. या वयात काय होणार?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर मतावर नव्हे, पुराव्यावर द्यायला हवे.

जर्मनीतील लाइपझिग येथील अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. हार्ट फेल्युअर असलेल्या पंचावन्नच्या आतील आणि पासष्टीच्या पुढील अशा दोन गटांना चार आठवडे देखरेखीखाली व्यायाम देण्यात आला. दोन्ही गटांची क्षमता जवळजवळ सारख्याच प्रमाणात, साधारण एक-चतुर्थांशाने वाढली. स्नायू झिजवणाऱ्या द्रव्याचे प्रमाण दोन्ही गटांत उतरले. म्हणजे वृद्धाचा स्नायू शिकायला तयार असतो, त्याला शिकवणारा हवा.

त्याआधी २००९ साली अमेरिका, कॅनडा व फ्रान्समधील २,३३१ रुग्णांवरील मोठ्या चाचणीने दाखवले होते की आकुंचन कमी असलेल्या रुग्णांनी नियमित व्यायाम करणे सुरक्षित आहे आणि त्याने जगण्याची प्रत सुधारते. मृत्यू व रुग्णालयातील भरती यांवरील परिणाम मात्र माफक होता. हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

आपल्या विषयाशी सर्वांत निकटची चाचणी २०२१ सालची आहे. हार्ट फेल्युअर बळावल्याने रुग्णालयात दाखल झालेले, साठ व त्यापुढील वयाचे ३४९ रुग्ण तिच्यात होते. बहुतेक सारे अशक्त, अनेक व्याधींनी ग्रासलेले. अशा रुग्णांना थेट चालायला लावले तर ते पडतील, म्हणून क्रम बदलण्यात आला. तोल, पायांचे बळ, उठबस आणि दमसास ही चारही अंगे प्रत्येकाच्या कुवतीनुसार, रुग्णालयापासूनच सुरू करून तीन महिने घडवण्यात आली. बारा गुणांच्या शारीरिक क्षमतेच्या मोजमापात व्यायाम केलेल्यांना सरासरी ८.३ आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांना ६.९ गुण मिळाले. पुन्हा दाखल होण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. पण स्वतःच्या पायांवर उभे राहण्याच्या क्षमतेत जो फरक पडला, त्याचे मोल घरातल्या माणसांना विचारावे.

आणखी एका चाचणीचा उल्लेख जैन श्रोत्यांपुढे टाळता येत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ताठर हृदयाचे, स्थूल आणि वयस्क असे १०० रुग्ण होते. काहींना व्यायाम, काहींना मोजून-मापून कमी उष्मांकाचा आहार, काहींना दोन्ही देण्यात आले. व्यायामाने क्षमता वाढली, कमी आहारानेही वाढली आणि दोन्हींचा लाभ एकमेकांत मिळवला गेला. आपल्या बाह्य तपांत ऊनोदरीला स्थान आहे. भुकेपेक्षा दोन घास कमी खाण्याची ही शिकवण स्थूल रुग्णाच्या हृदयालाही मानवते, हे या प्रयोगाने दिसले. मात्र कृश रुग्णाने याचे अनुकरण करू नये. त्याचा प्रश्न वजन घटवण्याचा नसून स्नायू राखण्याचा आहे. त्याला डाळी, उसळी, दूध, दही यांतून पुरेसे प्रथिन मिळायला हवे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास त्याचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे.

‘वय झाले’ म्हणण्यापूर्वी

वृद्ध माणसे तक्रार करत नाहीत, ती हळूहळू एकेक काम सोडून देतात. जिना चढल्यावर दम लागतो म्हणून जिना सोडतात, मग ‘आता दम लागत नाही’ असे सांगतात. म्हणून ‘त्रास होतो का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याऐवजी असे विचारा: गेल्या पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात जे करत होता, त्यातले या वर्षी काय सोडले? मंदिरात पायी जाणे सोडले? अभिषेकाचा कलश उचलणे सोडले? खाली बसणे सोडले? उत्तर ‘होय’ असेल तर वयावर ढकलून मोकळे होऊ नका. त्यामागे रक्तक्षय, लोहाची कमतरता, थायरॉइड, फुप्फुसाचा विकार, हृदयाची अनियमित गती किंवा नुसती गुडघेदुखीही असू शकते. शाकाहारी मंडळींत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरताही पुष्कळदा सापडते. यातल्या बहुतेक गोष्टींवर उपाय आहेत.

प्रत्यक्षात काय करावे?

प्रकृती स्थिर असेल आणि डॉक्टरांनी तपासून संमती दिली असेल, तरच पुढील गोष्टी कराव्यात.

पहिले, चालणे. पाच मिनिटांपासून सुरुवात करावी, दिवसातून दोन-तीनदा. दर आठवड्याला एक-दोन मिनिटे वाढवावीत आणि आठवड्यातील बहुतेक दिवशी अर्ध्या तासापर्यंत पोहोचावे. हे घडायला तीन महिने लागले तरी चालतील. वेग किती? चालताना णमोकार मंत्र न अडखळता मोठ्याने म्हणता आला पाहिजे. शब्द तुटू लागले तर वेग कमी करावा. बीटा-ब्लॉकर गोळी घेणाऱ्यांनी नाडीचे ठोके मोजण्यापेक्षा हीच कसोटी वापरावी, कारण त्या गोळीमुळे ठोके वाढत नाहीत.

दुसरे, उठबस. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीतून, शक्यतो हाताचा आधार न घेता, पाच वेळा उठावे आणि बसावे. हळूहळू दहापर्यंत जावे. श्वास रोखून जोर लावू नये. पाण्याची बादली किंवा जड कलश उचलतानाही हाच नियम पाळावा.

तिसरे, तोल. स्वयंपाकघराच्या ओट्याला हात धरून एका पायावर काही सेकंद उभे राहावे. ईर्यासमितीत साधूंना पुढची जमीन निरखून, जीव सांभाळून पाऊल टाकायला सांगितले आहे. जीवदयेसाठी घालून दिलेली ही शिस्त वृद्धाला पडण्यापासूनही वाचवते.

जेवणानंतर लगेच, कडक उन्हात किंवा पहाटेच्या बोचऱ्या थंडीत चालू नये. छातीत दुखणे, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, धडधड यांपैकी काहीही झाले तर तत्काळ थांबावे आणि डॉक्टरांशी संपर्क साधावा. रोज सकाळी वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावे. तीन दिवसांत दोन किलो वाढले, घोट्यांवर सूज आली किंवा झोपताना उशी वाढवावी लागली, तर ते शरीरात पाणी साचत असल्याचे चिन्ह आहे. अशा वेळी व्यायाम बंद ठेवून आधी उपचार घ्यावेत.

मिठाविषयी दोन शब्द. पापड आणि लोणचे ही आपल्या ताटाची शोभा आहे, पण हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचे वैरी आहेत. पापडखारातही सोडियम असते. सैंधव ‘चालते’ असा एक समज आहे, पण तेही मीठच आहे. आणि बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. हृदयाच्या काही औषधांबरोबर ते धोकादायक ठरू शकते. विचारल्याशिवाय वापरू नये.

तप, तीर्थ आणि औषध

आता नाजूक विषय. तपाविषयी बोलण्याचा अधिकार साधुसंतांचा आहे, माझा नाही. मी केवळ शरीरात काय घडते तेवढे सांगतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असताना निर्जल उपवास केला, तर रक्तदाब उतरतो, चक्कर येऊन माणूस पडतो आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारखी औषधे अलीकडे हार्ट फेल्युअरसाठी सर्रास दिली जातात आणि ती गुणकारी आहेत. परंतु दीर्घ उपवासात ती चालू राहिल्यास रक्तात आम्ल साचण्याचा गंभीर धोका संभवतो. उलट, उपवासासाठी सर्वच गोळ्या मनाने बंद केल्या तर आठवडाभरात श्वास कोंडून रुग्णालय गाठावे लागते. दोन्ही टोके वाईट. म्हणून पर्वाच्या आधी पंधरा दिवस डॉक्टरांना भेटा, नियम कोणता घ्यायचा आहे ते स्पष्ट सांगा. सूर्यास्तापूर्वी सर्व औषधे बसवणे बहुतेक वेळा जमते. आपल्या पच्चक्खाणांतही आगार ठेवलेले आहेत. चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषधाची मुभा आचार्यांनी पूर्वीच विचारात घेतली आहे. याविषयी गुरुमहाराजांचे मार्गदर्शन घ्यावे.

तीर्थयात्रेचेही तसेच. सम्मेदशिखरजीची वंदना चढण-उतार धरून सुमारे २७ किलोमीटरची आहे. श्रवणबेळगोळला विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या आहेत. ज्याला घराचे दोन जिने न थांबता चढता येत नाहीत, त्याने भावनेच्या भरात या वाटेला लागू नये. तीन-चार महिने आधीपासून तयारी करावी, आणि जमले नाही तर डोली घ्यावी. डोलीत बसल्याने भाव कमी होत नाहीत.

संस्थेकडे एक मागणे

शेवटी सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने विश्वस्तांकडे एक मागणे मागतो. वैयावृत्त्य, म्हणजे थकल्या-भागल्यांची सेवा, हे आपल्या परंपरेत अभ्यंतर तप मानले आहे. त्याचा अर्थ वृद्धांना उचलून बसवणे एवढाच नाही. त्यांना उठता येईल अशी सोय करणे, हाही आहे. मंदिराच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी भक्कम कठडा असावा. वाटेत सावलीत दोन बाकडी असावीत. एक उतरंड असावी. सभागृहात हातांच्या खुर्च्यांची एक रांग असावी आणि तेथे बसण्यात कोणाला संकोच वाटू नये. सकाळच्या दर्शनानंतर ज्येष्ठांचा एक चालण्याचा गट निघावा आणि युवक मंडळातील दोघांनी आळीपाळीने त्यांच्याबरोबर चालावे. याला मोठा निधी लागत नाही, थोडा वेळ लागतो.

आणि मुला-सुनांना एवढेच सांगतो: आई-वडिलांवरील तुमचे प्रेम मी जाणतो. मीही तसेच प्रेम केले होते आणि काकांना खुर्चीत बसवले होते. तुम्ही त्यांना बसवू नका. त्यांचा हात धरा आणि मंदिरापर्यंत चालत न्या. ते मध्येच थांबले तर तुम्हीही थांबा. घाई करू नका. दम खाऊन ते पुन्हा निघतील.

 बोलण्याच्या ओघात जिनवाणीला सोडून काही बोललो असेन, कोणाचे मन दुखावले असेल, तर मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.